पाळण्यावरची कागदी पाखरं

शिवणकारखान्यात उभं आयुष्य घालवलेल्या त्या बाईला सगळे टाकेवाली म्हणत. नजर अधू झाली तशी सुई सुटली, पण हात गप्प बसेनात. मग रंगीत कागदी रुमालांवरची चित्रं कापून ती घरभर डकवत सुटली. ट्रे झाला, स्टूल झालं, उशीचे अभ्रेसुद्धा झाले. "आता मी तेवढा राहिलोय," मुलगा हसायचा. नात झाली तेव्हा तिने पाळण्याला पाखरं डकवली आणि वरून वार्निश मारलं.

"आई, कडेचं पाखरू सुटतंय," सून मागे एकदा म्हणाली होती.

"माझ्या हातचं आहे ते. सुटायचं नाही." विषय तिथेच मिटला.

आज सकाळी नातीने तेच पाखरू सोलून तोंडात घातलं. पोर निळी पडली. सुनेने तिला हातावर पालथं घालून पाठीत थापा मारल्या, तेव्हा लगद्याचा एक गोळा बाहेर पडला. श्वासातली घरघर मात्र राहिली. नवराबायको तिला घेऊन इस्पितळात धावले. जाताना सुनेने सासूकडे वळूनही पाहिलं नाही.

टाकेवालीने फोन जवळ ठेवला आणि पाळणा खिडकीपाशी ओढला. आधी वार्निश काचपेपरने घासलं, नाहीतर पाणी आत शिरणार कसं? मग गरम पाण्यात पिळलेलं फडकं पाखरांवर दाबून धरलं. कागद फुगला. बोथट सुरीने, लाकडाच्या रेषा जातात त्याच दिशेने, ती एकेक पंख खरवडू लागली. नखं दुखायला लागली तरी थांबली नाही.

फोन वाजला. मुलगा होता. "आई, दुर्बीण घालून बघणार आहेत. आत तुकडा राहिलाय की काय."

"रडतेय ना ती?"

"रडतेय."

"रडू दे. रडतेय म्हणजे श्वास चालू आहे." तिने फोन ठेवला आणि उरलेली पाखरं खरवडून काढली.

बसून राहणं जमेना, म्हणून तिने अभ्रे घेतले. गरम पाणी, साबण, ब्रश. कागद निघाला, पण विणीत मुरलेला गोंद निघेना. व्हिनेगर लावून पाहिलं, तरी कापड पुठ्ठ्यासारखं कडकच. शेवटी तिने कात्री उचलली आणि चांगल्या कापडाचे उभे तुकडे केले. जन्मात असं कापड वाया घालवलं नव्हतं.

दुपार कलल्यावर दार वाजलं. "काही नाही सापडलं. सूज आहे, उतरेल," मुलगा म्हणाला आणि औषधं आणायला तसाच परत खाली गेला.

सून पोरीला कडेवर घेऊन पाळण्यापाशी गेली. प्रत्येक दांडीवरून तिने तळवा फिरवला. खालच्या सांध्यात बोट अडलं. "इथे राहिलंय."

टाकेवालीने सुरी उचलली, तर सुनेने हात पुढे केला. "द्या इकडे. हिला धरा."

पोर मांडीवर येताच टाकेवालीने तिच्या छातीला कान लावला.

"तेव्हाच ऐकायला हवं होतं तुम्ही," खरवडता खरवडता, मान वर न करता सून म्हणाली.

"हो. चुकलं माझं."

सुनेने सांध्यातला शेवटचा कागद खरवडून काढला. लाकूड ओलं होतं, म्हणून पोर त्या दिवशी आईच्या कुशीतच झोपली.