बुजवलेले खारे झरे

कार्पेथियनच्या डोंगरातून पोलंडच्या राजाचा अंमल गेला आणि व्हिएन्नाच्या बादशाहीचा आला, तेव्हा तनासीच्या गावात एक गोळीही सुटली नाही. दुभाष्याला घेऊन एक साहेब आला. मेंढपाळांना तंबाखू दिली, मुलाबाळांची चौकशी केली आणि सांगून टाकलं, की यापुढे मीठ सरकारी कोठारातूनच विकत घ्यायचं. रानातले खारे झरे बुजवायचे.

झरे कुठे आहेत, ते तनासीइतकं कुणालाच माहीत नव्हतं. दुभाष्या त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "झऱ्यांचा पहारेकरी हो. तुझ्या पोराला, लुकिनला, फौजेत नेणार नाहीत."

तनासीनं झरे दाखवले. थोरल्या बहिणीच्या कुरणामागचा तेवढा लपवला. यावदोखा विधवा बाई. त्या खाऱ्या पाण्यात मुरवलेल्या मेंढीच्या चीजवर तिचं घर चालायचं.

पुढच्या उन्हाळ्यात फौजेची भरती सुरू झाली. साहेबानं सहज विचारलं, "सगळे बुजवलेस ना?"

याला कळलंय, असं तनासीला वाटलं. "एक राहिलाय," तो बोलून गेला.

दगड, चिखल, शेण, सगळं त्यानंच टाकलं. यावदोखा बादली घेऊन आली, तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत बरबटलेले होते.

"माझ्या हातचं खाऊन वाढलास," ती म्हणाली. "आता कुणाच्या मिठाला जागतोयस रे?"

"लुकिनला नेलं असतं गं, ताई."

"मग मला सांगायचंस. मीच दगड उचलून दिले असते."

साहेबाबरोबर गावातून परतताना दुभाष्या हसत त्याला म्हणाला, "घाबरलास कशाला? साहेब प्रत्येक गावात तेच विचारतो!"

कोठारातलं मीठ परवडेना, त्या वर्षी यावदोखाचं चीज नासलं. मेंढ्या विकून ती लेकीकडे राहायला गेली. तनासी मिठाचं पोतं घेऊन गेला, तर तिनं ते ठेवून घेतलं आणि म्हणाली, "उपकार झाले, पहारेकरीसाहेब." भाऊ म्हणून तिनं पुन्हा कधी हाक मारली नाही. दोन हिवाळ्यांनी ती वारली.

लुकिन घरीच राहिला, त्याचं लग्न झालं. गावाला कोठारातल्या मिठाची सवय लागली. तनासीला कुणी शिव्याही देईना. शेवटी चर्चमध्ये त्यानं पाद्र्यापाशी मन मोकळं केलं.

"अरे, सरकारचं काम केलंस," पाद्री म्हणाला. "यात पाप कसलं? जा घरी."

तनासी बराच वेळ तिथेच गुडघ्यांवर बसून राहिला. कबुलीसाठी रांगेत मागे थांबलेल्या बाईनं खाकरून त्याला उठवलं.