तिच्या सागाची फळी

वाघोडियाकडे मेव्हण्याचं शेत आहे. तिथल्या बांधावरचा साग माझ्या बायकोनं लग्नाआधी लावलेला. ती गेल्या दिवाळीनंतर गेली, आणि या उन्हाळ्यात मेव्हण्यानं परवानगी काढून झाड पाडायला घेतलं. का, तर ओसरीत नवराबायकोला बसायला हिंचको पाहिजे. आम्ही बडोद्याचे, झोपाळ्याला हिंचकोच म्हणतो.

मला बोलावलं, कारण जन्म माझा लाकडाच्या वखारीत करवतीवर गेला. गेलो, पण कपाळाला आठ्या घालूनच. मेव्हणा साठीचा गडी, तरी त्याची बायको टोपी घेऊन मागे धावते. "घाला ती. चक्कर येऊन पडलात तर मी उचलायचं का?" तो नुसता हसतो. मला फार झोंबलं. माझ्यावर खेकसणारं आता कुणी नाही. आणि माझ्या बायकोच्या झाडावर ही दोघं झुलणार.

खोड माणसाच्या डोक्याच्या उंचीपर्यंत सरळ, वर बाक. बाकातून लांब फळी निघत नाही. कामाचा तो खालचा सरळ भाग, आणि साखळी-करवतीचा मशीनवाला गुडघ्याएवढा खुंट सोडून कापायला लागला. सगळे असंच कापतात, वाकायला नको म्हणून. तेवढ्यानं फळी आखूड पडणार, हिंचको होणार नाही. मला कळलं होतं, पण गप्प बसलो. मनात म्हटलं, बरं झालं, बसा खुर्चीवर.

मशीन घरघरलं. मग दिसलं, सगळ्यात जाड लाकूड त्या खुंटात राहणार. वाळवी खाणार. तिचं लाकूड.

"अरे थांब! जमिनीलगत काप. सरपण तोडतोयस का?"

"काका, केड दुखे छे," मशीनवाल्यानं कंबर धरली.

"मग गुडघे टेक."

मातीनं साखळीची धार जाते, म्हणून बुंध्याभोवतीची माती मीच कुदळीनं काढली. झाड पडलं. बाकाशी तोडलं. मेव्हण्यानं टेप लावला आणि ओरडला, "दाजी, अख्खी फळी निघते की!"

त्याची बायको म्हणाली, "लागला की पहिले तुम्ही बसायचं हं."

"एकट्यानं बसून काय करू?" म्हटलं, आणि हात धुवायला गेलो.

हिंचको लागला. मेव्हणा फोन करून बोलावतो. मी बडोद्यातून, निजामपुऱ्यातल्या घरातून हललेलो नाही. तो बोलत असतो आणि मागे कड्या करकरतात, त्याची बायको त्याला काहीतरी सांगून हसते. मी फोन ठेवून देतो.