नीडी

बोर्डिंगची पोरं कुठेही भेटली तरी दहा मिनिटांत नानांचा विषय निघतोच. एकाने एक किस्सा सांगितला की दुसऱ्याला दोन आठवतात, आणि तिसरा म्हणतो, "थांब, असं नव्हतंच ते!" मग चहा गार होतो. परवा भूषण नशिराबादहून माझ्या दुकानात आला होता. मी जळगावला मोबाईलचे डिस्प्ले बदलतो. समोर गिऱ्हाईक ताटकळत उभं, आणि आम्ही दोघं नानांची नक्कल करतोय!

धुळ्याला देवपुरात आमच्या समाजाचं बोर्डिंग आहे. नाना तिथले अध्यक्ष. पोरांचे प्रकार दोनच, पेइंग आणि नीडी. नीडीला राहणं-जेवण फुकट. आम्ही दोघं नीडी. हा शब्द फॉर्मवर आपल्या नावापुढे दरवर्षी नव्याने लिहून घ्यावा लागायचा. नाही लिहिला गेला, तर पेटी उचलायची आणि घरी जायचं. माझ्या कॉलेजची दोरी त्या एका शब्दाला बांधलेली होती.

पहिल्याच दिवशी मी नानांना अर्थ विचारला. नाना म्हणाले, "गरजू. गरीब म्हणायचं नाही आपण. माणसाला वाईट वाटतं."

त्याच संध्याकाळी मेसमध्ये नानांचा आवाज घुमला, "ए नीडी, ताटं उचला रे!"

•

थंडीत ब्लँकेटं वाटली. पाहुणे आले, भाषणं झाली, आम्ही रांगेत उभे राहून ब्लँकेटं घेतली. रात्री पहिल्यांदा उबेत झोपलो. सकाळी रेक्टर आबा दारात उभे! फोटोवाल्याचं कार्ड खराब निघालं होतं. म्हणून ब्लँकेटं घड्या घालून परत द्यायची आणि दुपारी पुन्हा घ्यायची.

दुपारी रांगेत भूषणला हसू आवरेना. नाना कॅमेऱ्यामागून ओरडले, "हसू नका रे! नीडी दिसलं पाहिजे!"

•

भूषणच्या पायात एकदा भारी बूट आले. पांढरेशुभ्र. आबांनी त्याला जिन्यात अडवलं.

"हे बूट नीडीचे आहेत का?"

भूषण म्हणाला, "आबा, पाय नीडीचे आहेत. बूट मावसभावाचे."

आठ दिवस त्याने ते बूट घातले नाहीत. मला अजून राग येतो तो याचाच. उत्तर एवढं करारी दिलं, आणि तरी बूट पेटीत ठेवले.

•

वार्षिक कार्यक्रमात एका नीडीने मनोगत सांगायचं असतं. त्या वर्षी भूषण कॉलेजात पहिला आला होता, म्हणून त्याचा नंबर. त्याने प्रयोगशाळेबद्दल, पुढे काय शिकायचंय त्याबद्दल लिहून आणलं. नानांनी कागद वाचला आणि परत दिला. "मार्कांचं राहू दे. परिस्थितीचं सांग."

मग नाना स्वतःच माईकवर गेले. "पितृछत्र हरपलेला हा मुलगा..."

तिसऱ्या रांगेतून टोपीवाला एक माणूस उठला. "नाना, मी जित्ता शे ना!"

भूषणचे वडील. पोराचं कौतुक ऐकायला सकाळच्या बसने आले होते. सगळा हॉल हसला. नाना जराही हलले नाहीत. म्हणाले, "बसा, बसा. परिस्थिती तीच आहे."

•

नानांच्या पुतण्याचा देवपुरातच दुमजली बंगला. त्याच्या मुलाचा फॉर्म आमच्याच गठ्ठ्यात निघाला. आबांचा हात दुखायचा, म्हणून फॉर्म मी लावत होतो. वरती ठळक अक्षरात नीडी.

मी नानांना सरळच विचारलं, "नाना, हा पण?"

नाना चष्मा पुसत म्हणाले, "ते टेक्निकल आहे."

तेव्हापासून आम्ही खोलीत दोन भाग पाडले. टेक्निकल नीडी आणि प्रॅक्टिकल नीडी! हसायचो खूप. पण चार्जर मागतानासुद्धा आमच्या तोंडून "दे ना, नीडी आहे" निघायला लागलं होतं. घरी हे असं कोणी बोलत नाही. आमच्या माय-बाबांना कोणी कसं चाललंय विचारलं, तर म्हणतील, "चाली ऱ्हायनं आपलं." स्वतःला गरीब म्हणताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. मी मात्र ते इंग्रजीत शिकलो, आणि तेही देवपुरात.

•

माझ्या तिसऱ्या वर्षाआधी कमिटीने नवीन नियम काढला. घरी जाऊन बघणार, आणि मगच फॉर्मवर शब्द लिहिणार. आमचं गाव चोपड्याच्या पुढे. बाबा केळीच्या गाड्या भरायला जातात. मी मायला फोनवर बजावलं, "कुलर शेजारी अक्काकडे ठेव. स्वयंपाक करू नको. नुसता चहा दे."

"बरं," माय म्हणाली.

मे महिना होता. नाना आणि आबा जीपमधून उतरले तेच घामाघूम. मी आत पाहिलं तर कुलर घरात, पाणी भरून चालू! माय माझ्या कानाशी म्हणाली, "पाहुना घामघूम आनि कुलर शेजारी? लाज नही का?"

अक्काकडून कुलर परत आला होता, आणि त्याच्यासोबत चार खुर्च्या, सतरंजी आणि सोनेरी काठाचे कप. पहाटेपासून खापरावर मांडे झाले होते. आमरस होता. मी मायकडे डोळे वटारून पाहत होतो, आणि ती नानांना म्हणत होती, "एक ल्या ना भाऊ, एकच!"

नानांनी तीन मांडे खाल्ले. हात पुसले. सोनेरी कपातून चहा घेतला, कुलरकडे पाहिलं, खुर्च्यांकडे पाहिलं. मग खिशातून पेन काढून आबांना म्हणाले, "नॉट नीडी. लिहा."

मी तोंड उघडलं. अक्काचं नाव जिभेवर आलं होतं. माय दारात पदर सावरून उभी होती. मी तोंड मिटलं.

जीप गेली. माय म्हणाली, "नाना इंग्रजीमा काय म्हने रे?"

मी म्हटलं, "म्हणे, या घरात काही कमी नाही."

मायचा चेहरा असा उजळला, की मी दुसरीकडे पाहिलं. ती अक्काचे कप विसळायला बसली. एकेक उन्हाकडे धरून बघत होती.

"एक बी फुटना नही," ती म्हणाली.