घमापूरचा छापा आणि बाटल्यांची बुचं

ती घटना आठवली की आजही माझ्या डोळ्यांपुढे आधी एक कॅरम बोर्ड येतो. त्याच्यावर खडूने काढलेली घरं, एक पूल आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्यांची लाल-निळी बुचं. पंचनाम्यात मी स्वतः सांगून लिहवून घेतलं होतं : 'जुगाराचे साहित्य'.

नावं कोणाचीच घेणार नाही. माणसं अजून जबलपुरातच आहेत, बाजारात भेटतात, नमस्कार करतात.

मी तेव्हा घमापूरच्या बाजूला टीआय होते, म्हणजे ठाणेप्रमुख. निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरली होती. या वयात माणूस पोक्त होतो म्हणतात. मी झाले नव्हते. जाता जाता एक तरी मोठी केस आपल्या नावावर लागावी, असं मला फार वाटत होतं. छाप्याला निघताना मी आरशात बघून टोपी नीट केली, कारण माझ्याच सांगण्यावरून एक बातमीदार फोटोग्राफरला घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभा होता. आज ती आरशातली बाई मला भेटली तर मी तिला आधी खुर्चीत बसवीन, पाणी देईन आणि विचारीन, ‘बाई गं, घाई कसली एवढी?’

खबर एका मोबाइल रिचार्जवाल्याने दिली. ठाण्याच्या पलीकडच्या गल्लीत त्याचं दुकान होतं. मुखबिर म्हणून, म्हणजे खबऱ्या म्हणून, तो अधूनमधून उपयोगी पडे. म्हणाला, "मॅडम, चक्कीच्या वर एक गेमिंगचं दुकान आहे. दिवसभर पोरं बसतात. एक लडकी भी है, सबकी लीडर. कॉम्प्युटरवर मोठा सट्टा चालतो. उद्या तर फार मोठी बाजी आहे. आजच उचला."

आम्ही दुपारीच जिना चढलो. खाली पिठाची चक्की चालू होती, त्यामुळे आमची चाहूल कोणाला लागली नाही. वर एका खोलीत चार कॉम्प्युटर, कानांना हेडफोन लावलेले तीन मुलगे आणि एक मुलगी. मुलगी ओरडत होती, "मागे! मागे हो! घरात दोघं आहेत, आधी त्यांना संपव!"

माझ्या हवालदाराने माझ्याकडे असं पाहिलं, जणू खुनाचा कट हाती लागला.

आता जुगाराच्या छाप्यात पहिली गोष्ट बघायची ती फडावरचा पैसा. इथे फडावर एक रुपया नव्हता. दुकानदाराच्या गल्ल्यात तासाच्या भाड्याची चिल्लर होती, तेवढीच. एखादा नवा शिपाईसुद्धा इथे थबकला असता. मला मात्र वाटलं, टोळी फारच हुशार दिसते, पैसा नजरेआड फिरवते! चारही कॉम्प्युटर सील केले, कॅरम बोर्ड बुचांसकट उचलला, पंचांच्या सह्या घेतल्या आणि सगळं ठाण्याच्या मालखान्यात जमा केलं. फोटोही निघाला. त्यात मी एका हाताने कॅरम बोर्ड धरून उभी आहे. माझ्या सुनेने तो अजून जपून ठेवलाय आणि पाहुण्यांना दाखवते.

मुलांना नोटीस देऊन घरी पाठवलं आणि सकाळी हजर व्हायला सांगितलं.

सकाळी चौघं आली. मुलीबरोबर तिचे वडीलही होते. रांझीला राहणारे, कारखान्यातले कामगार, घरात मराठी बोलणारे. हातात डबा. मला म्हणाले, "मॅडमजी, मी इथं बसतो बाकावर. माझी पोरगी आत काय सांगून राहिली ते मले ऐकाचं नाही. पण ती घरी माझ्यासंगंच येईन."

मग मुलीकडे वळून म्हणाले, "म्हटलं होतं न तुले, एक वर्ष देतो. आज वर्षाचा शेवट पोलीस ठाण्यात होऊन राहिला. सोमवारपासून मामाच्या ऑफिसात जायचं. बस."

"बाबा, चार वाजताची मॅच तर होऊ द्या," ती म्हणाली.

"कशावर खेळशीन? मशिना तर मॅडमनं नेल्या."

मी चौघांना वेगवेगळं बसवून विचारपूस सुरू केली. ही आमची जुनी पद्धत. खोटं बोलणाऱ्या चौघांच्या चार गोष्टी कुठे ना कुठे अडकतातच. पहिला आला तो टोपीवाला मुलगा.

"काल किती हरलास?" मी एकदम विचारलं.

"परसों हारे थे मॅडम. मेरी वजह से. गेममध्ये धूर टाकायला मला उशीर झाला."

दुसऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, "परवा चूक माझी होती. टोपीवाल्याला मी सांगितलंच नाही की समोरचे पुलावर आलेत."

तिसरा म्हणाला, "मला वाटतं मॅडम, मीच घाबरून लवकर गोळी चालवली. त्यांना आमची जागा कळली."

आणि ती मुलगी, त्यांची कॅप्टन, म्हणाली, "पुलावरून न्यायला नको होतं मी सगळ्यांना. माझा डिसिजन होता. म्हणून तर कॅरम बोर्डवर बुचं मांडून पुन्हा बघत होतो."

मी पेन खाली ठेवलं.

दर दिवाळीला आम्ही जुगाराच्या फडांवर छापे टाकायचो. नोकरीभरात किती जुगारी माझ्यासमोर बसले असतील! हरलेल्या जुगाऱ्याला विचारा, का हरलास? तो सांगेल, पत्ता खराब आला. शेजारी पनवती येऊन बसली. घरातून निघताना मांजर आडवी गेली. बायकोने मागून हाक मारली. 'चूक माझी होती' असं म्हणणारा जुगारी मी आजवर पाहिलेला नाही. कारण जुगारात त्याच्या हातात काही नसतंच, मग चुकणार काय? आणि इथे चौघं, चार खोल्यांत बसून, एकाच हरण्याचं खापर आपापल्या डोक्यावर फोडून घेत होती. जुगारी सराव करत नाही. ही मुलं दिवसभर तेच करत होती.

"यातून पोट भरतं?" मी कॅप्टनला विचारलं. आवाज आता जरा खाली आला होता माझा.

"अजून नाही भरत मॅडमजी. पण थोडं थोडं येऊन राहिलं. मुलांना ऑनलाइन शिकवते, तासाचे पैसे घेते. लोकांच्या मॅचवर हिंदीत कॉमेंट्री करते. आणि एक कंपनी आहे, ती नवीन गेम बाजारात यायच्या आधी आम्हाला देते. त्यातल्या चुका शोधून द्यायच्या."

"चुका शोधायचे पैसे?"

"हो. भिंतीतून माणूस आरपार जातो का, दार उघडत नाही का, असं. एकच दार शंभर वेळा उघडून बघायचं. कंटाळा येतो, पण पैसे वेळेवर देतात. बाबांना वाटतं, मी नुसती खेळते."

"आणि आजची मॅच?"

"जिंकलो तर एक टीमवाले आम्हाला पगारावर घेणार आहेत. दर महिन्याला पगार. बाबांना तेच पाहिजे न. पगार दिसला की ते मानतात." मग तिने घड्याळाकडे पाहिलं. "चारला लॉग इन नाही केलं तर हरलो असं धरतात."

एवढ्यात मुन्शी दारात आला. ठाण्याचं दफ्तर त्याच्याकडे असे. म्हणाला, "मॅडम, उस रिचार्जवाले का फिर फोन आया है. पूछ रहा है, मशीनें छोड़ीं तो नहीं? शाम तक तो नहीं छोड़ेंगे ना?"

"फिर? याआधी कधी आला होता?"

"सबेरे से तीसरी बार है."

खबऱ्यांची एक रीत असते. खबर देऊन तो आपलं बक्षीस कधी मिळणार ते विचारतो आणि मग काही दिवस दिसेनासा होतो. पकडलेला माल कधी सुटणार, याची काळजी करणारा खबरी मी पहिल्यांदाच पाहत होते. याला बक्षीस नको होतं. याला संध्याकाळ हवी होती.

मी दोन शिपायांना साध्या कपड्यांत त्याच्या दुकानावर पाठवलं. एक जण रिचार्ज करायला म्हणून उभा राहिला आणि सहज बोलला, "भैया, सुना है आज चार बजे कुछ है?" अर्ध्या तासात सगळं उलगडलं. सट्टा होताच, पण चक्कीच्या वर नव्हता, रिचार्जच्या काउंटरखाली होता. अख्ख्या घमापूरने आपल्या पोरांवर पैसे लावले होते. पोरं जिंकली तर हा बुडणार होता. म्हणून त्याने त्यांना हरवायचा सगळ्यात स्वस्त उपाय शोधला. म्हणजे मी! पोलिसांची गाडी, पोलिसांचं डिझेल, वर बातमीदार आणि फोटोग्राफर. त्याचा एक पैसा खर्च झाला नाही.

त्याला शिपायांनी धरून आणलं तेव्हा दोन वाजले होते. आता प्रश्न मशिनींचा. पंचनामा करून जप्त केलेला माल मी असाच परत देऊ शकत नव्हते, त्याला कोर्टाचा हुकूम लागतो. कॅप्टन दारात उभी राहून घड्याळाकडे बघत होती. तिचे वडील बाकावर डबा मांडीवर घेऊन तसेच बसले होते.

मी वरिष्ठांना फोन लावला. "साहेब, माल जुगाराचा आहे की नाही, हे तपासायला तो चालवून पाहावा लागेल. पंचांसमक्ष."

साहेबांनी आधी मालाची यादी विचारली. मग म्हणाले, "चलाकर देख लीजिए. लेकिन थाने के बाहर एक तार भी नहीं जाएगा. और मॅडम..."

"जी?"

"इस बार फोटोग्राफर मत बुलाइएगा."

ठाण्यामागच्या क्वार्टरमध्ये ज्या केबलवाल्याची इंटरनेट लाइन होती, त्याने खिडकीतून तार आत घेऊन दिली. महिला डेस्कच्या खोलीत पंचांसमोर सील काढलं, चार मशिनी मांडल्या, आणि कॅप्टनने मागितलं म्हणून जुगाराचे साहित्यही मालखान्यातून बाहेर आणलं. तिने बुचं मांडून मुलांना शेवटचं काहीतरी समजावलं. कोठडीतला रिचार्जवाला गजांतून मान लांब करून बघत होता.

मी कॅप्टनच्या वडिलांना आत बोलावलं. "मी काहून?" ते म्हणाले. मी म्हटलं, "पंच कमी पडतायत." नव्हते पडत.

पुढे काय झालं ते मला तेव्हा नीट कळलं नाही. पडद्यावर घरं, झाडं, धावणारी माणसं. पण ठाण्यातल्या शिपायांना कळत होतं. दुसऱ्याच केसमध्ये आणलेला एक आरोपी बाहेर उभा राहून 'बाएं देखो, बाएं' म्हणत होता, त्याला मी बसवलं. शेवटी आपल्याकडची कॅप्टन एकटी उरली आणि समोरचे दोघं. एकाला तिने पाडलं. मग खोलीतून एकदम 'अरे यार' असा आवाज उठला.

आपली पोरं हरली.

आणि मला हसू आलं, ते दाबायला मी खोकले. रिचार्जवाल्याने नुसतं गप्प बसायचं होतं. मला खबर दिली नसती तर हरलेल्यांचे सगळे पैसे त्याच्याच काउंटरखाली आले असते.

कॅप्टनने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. तिचे डोळे भरले होते, पण वडिलांकडे न बघता ती तिघांना म्हणाली, "चूक माझी होती. उजवीकडे बघितलंच नाही मी. तुम्ही सगळ्यांनी बरोबर केलं."

तिचे वडील डबा हातात घेऊन उभे होते. मला वाटलं, आता सोमवार आणि मामा निघणार. ते म्हणाले, "घरी चाल. जेवली नाहीस सकाळपासून." दारापर्यंत गेले आणि तिथे थांबले. "ते उजवीकडंचं... ते शिकाले किती दिवस लागतीन?"

"बाबा?"

"एक वर्षात होईन का?"

तिने त्यांच्या हातातला डबा आपल्याकडे घेतला. मी रोजनाम्यात डोकं घालून बसले. डोकं घालण्यासारखं रोजनाम्यात तेव्हा काहीही नव्हतं.

रिचार्जवाल्यावर केस झाली. मुलांवर झाली नाही, मशिनी कोर्टातून सुटल्या. पगारी टीम काही झाली नाही त्यांची. टोपीवाला आता इंदूरला नोकरी करतो. कॅप्टन मात्र त्याच तीन कामांवर टिकली. शिकवणं, कॉमेंट्री आणि दारं शंभरदा उघडून बघणं. घरी पैसे देते. श्रीमंत झाली नाही, पण मामाच्या ऑफिसात गेलीही नाही. आवडीच्या खेळातून पैसा मिळतो का, असं मला कोणी विचारलं तर मी सांगते, मिळतो. पण त्यातला मोठा भाग खेळून मिळत नाही, खेळाच्या आसपास राबून मिळतो. आणि हे मला पोलीस म्हणून कळायला हवं होतं, कारण आमच्या खात्यातही गोळीबार कधीतरी होतो, पंचनामे रोज.

त्या केसने मला माणूस ओळखायची एक युक्ती दिली, ती निवृत्तीनंतरही कामाला येते. हरलेल्याला विचारायचं, का हरलास? जो बाहेर बोट दाखवतो त्याला जुगाराच्या यादीत टाकायचं. जो आत दाखवतो त्याच्याकडून काहीतरी शिकायचं.

म्हणून मी शिकते आहे. दर गुरुवारी दुपारी, नातवाच्या कॉम्प्युटरवर, कॅप्टनकडून. फी पूर्ण देते, सवलत घेत नाही. गेल्या गुरुवारी मी पुन्हा एकदा त्या पुलावरून एकटीच पुढे धावत गेले आणि मेले.

"आजी, काय झालं?" तिने विचारलं.

"नेट स्लो होतं गं. आणि हा चष्मा. आणि नातू मध्येच बडबडला."

पलीकडून ती अगदी हळू, ठाण्यातल्या माझ्याच सुरात म्हणाली, "पुन्हा सांगा. का हरलात?"

नातू तोंडावर हात धरून हसत होता. मी चष्मा पुसला.

"चूक माझी होती," मी म्हटलं. "घाई केली. मागे कोणी आहे का, ते बघितलंच नाही."

"अच्छा," कॅप्टन म्हणाली. "आता चलो, पुन्हा."