ठकूबाईचा हात आणि गुलाबाच्या गाठी

दहिवलीला आमची गुलाबांची रोपवाटिका होती. तिथे ठकूबाई पंधरा वर्षं डोळे भरायला होती. डोळे भरायचे म्हणजे रानगुलाबाच्या खुंटाला चाकूने काप द्यायचा, साल अलगद उचलायची, चांगल्या जातीच्या फांदीवरचा डोळा आत बसवायचा आणि वरून केळीच्या सोपटाने बांधायचं. मी शंभर भरले तर साठ जगत, तिचे पंच्याण्णव. खरं तर ती डोंगरातल्या ठाकरवाडीवरून आमच्याकडे मातीच्या टोपल्या वाहायला आली होती. पहिल्याच थंडीत तिने आमच्या यजमानांच्या हातातला चाकू मागून घेतला. म्हणाली, "दादा, तू झाडाला काप देतोस का शेवग्याची शेंग सोलतोस?" तेव्हापासून चाकू तिचाच.

मला ती वयनी म्हणे आणि अगंतुगं करी. तिच्या वाडीवर देवालाही कुणी तुम्ही म्हणत नाही. आळीत कुणाला कारली लावायची असली तरी पहिलं बी ठकूबाईकडून टाकून घेत. तिच्या हाताला गुण आहे असं सगळे म्हणत, आणि तीही ते खोटं मानत नसे.

चौऱ्याऐंशी साली दिवाळीनंतर गुलाबांना गाठी येऊ लागल्या. जमिनीलगत, बांधल्या जागेपाशी, आधी वाटाण्याएवढ्या, मग लिंबाएवढ्या, खरबरीत. खालापूरकडच्या एका बंगलेवाल्याने साठ रोपं टेंपोत घालून परत पाठवली. यजमानांनी ती शेडमागे लपवली. ठकूबाई तिथे एकेक रोप उलटसुलट करून पाहत बसली. मग तिने चाकू पुसला आणि माझ्या हातात दिला.

"देवाजवळ ठेव. माझ्या हाताचा गुण गेला."

"अगं, कसला तरी रोग असेल."

"रोग पानाला येतो गं. मी बांधलं तितंच गाठ आली. मीच दिली ती."

दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा टोपल्या वाहू लागली. शेजारच्या कोंडीने भोपळ्याचं बी आणलं, तर हिने हात पदराखाली घेतले. मी रोज दिवा लावताना तो चाकू बघायची आणि काय मागावं ते सुचायचं नाही.

फेब्रुवारीत विमलबाई आल्या. त्या मुंबईच्या एका संशोधन संस्थेत झाडांवर काम करत आणि एका रविवारी मोगऱ्याची रोपं घ्यायला आल्या होत्या. शेडमागे हात धुवायला म्हणून गेल्या, त्या तिथेच उकिडव्या बसल्या. "या गाठी मला द्याल?" त्यांचा चेहरा असा, की जणू हरवलेली नथ सापडली. यजमान घाबरून म्हणाले, "बाई, ती विकायची नाहीत."

त्यांनी मग आम्हाला समजावून सांगितलं. गाठ करतो तो मातीतला एक जिवाणू, डोळ्यांना न दिसणारा. प्रत्येक झाडाच्या आत आपण काय व्हायचं याचं टिपण असतं. हा जिवाणू आपल्या टिपणाचा तुकडा त्यात घुसवतो. मग झाड त्याच्या हुकमाने गाठ वाढवतं आणि दुसऱ्या कुणाला सहसा पचत नाही असं अन्न खास त्याच्यासाठी तयार करतं.

ठकूबाईने टोपली खाली ठेवली. "म्हंजे घरजावई. येऊन बसला नि आपल्यापुरतं रांधून घेतो."

विमलबाई हसत सुटल्या. "अगदी तसंच."

"मग असला जावई तुला कशाला?"

"झाडाच्या टिपणात लिहायची कला त्याला येते, आम्हाला नाही. गाठीचा मजकूर काढून टाकायचा, आपल्याला हवा तो भरायचा आणि त्याच्याच हातून आत पाठवायचा. परदेशात तंबाखूच्या झाडात जमलंय. पुढेमागे कीड न लागणारं झाडही होईल." मग त्यांनी विचारलं, "पण एकदम एवढ्या रोपांना कसा लागला? जखमेशिवाय हा आत शिरत नाही."

मला एकदम आठवलं. खंडेनवमीला मी सगळे चाकू, कोयते, खुरपी एका घमेल्यात धुतली होती. आदल्याच दिवशी बाहेरून आलेल्या एका गाठाळ झुडपाची त्याच हत्यारांनी छाटणी झाली होती. मग त्यांना हळदकुंकू वाहिलं. पूजेचं पाणी पायाखाली येऊ नये, म्हणून ते नुकतेच डोळे भरलेल्या रोपांच्या बुंध्याशी ओतलं, भक्तिभावाने, एकेका रोपाला थोडं थोडं.

सगळं सांगून टाकलं. ठकूबाई मान हलवत म्हणाली, "मला बरं वाटावं म्हणून बोलतेस. देवाच्या पाण्यानं कुटं रोग येतो?"

"पाण्यात देव असला तरी जिवाणूही असतो," विमलबाई म्हणाल्या. मला ते पटलं. देवाने त्याला थोडंच वगळलंय. ठकूबाईला मात्र पटलं नाही. तेव्हा विमलबाईंनी तिला प्रयोगशाळेत, याच गाठी लवकर धरणारी टमाट्याची रोपं टोचायला बोलावलं.

त्यांनी जीप पाठवली. "रोग लावाया गाडी येते, हे पयल्यांदाच बघते," म्हणत ठकूबाई बसली, शेजारी मी. तिथे विमलबाईंच्या हाताखालच्या एका मुलीने तीस कुंड्या मांडल्या होत्या. वीस रोपांना जिवाणूत बुडवलेली सुई टोचायची आणि दहांना उकळून निववलेल्या पाण्यातली साधी सुई. हात मात्र तिचाच. पाण्याच्या दहांपाशी तिने क्षणभर डोळे मिटले.

महिनाभर ती टोपल्याच वाहत होती. आम्ही जुना वाफा जाळला आणि पलीकडे नवे खुंट लावले. मार्चच्या शेवटी पोस्टकार्ड आलं, ते मी तिला वाचून दाखवलं. वीसपैकी एकोणीस रोपांना गाठी धरल्या होत्या. साध्या सुईची दहाही खोडं स्वच्छ भरून आली होती, व्रणसुद्धा शोधावा लागत होता.

"धाच्या धा?"

"दहाच्या दहा."

"पुन्यांदा वाच." मी वाचलं. तिने आपले तळवे उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाली, "आनि त्या इसातलं एक कसं चुकलं?"

"ते लिहिलं नाहीये."

"तितल्या पोरीनं टोचलं असंल, मी पानी प्यायला गेले तवा." तिने डोक्यावरची चुंबळ काढली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. "चार म्हैनं माती वाहिली मी तुझ्या पुण्याईनं. आज तू वाहा. उनं तापायच्या आत नवे खुंट भरून घेते."

मी देवाजवळचा चाकू आणून पुढे केला. तिने तो घेतला नाही.

"आदी पानी उकळ," ती म्हणाली आणि केळीची सोपटं सोलायला बसली.