शेपटीवरचं ठिगळ

माझा मामा फ्रिज दुरुस्त करतो आणि उरलेल्या वेळात जुनी विमानं शोधतो. मामीच्या मते हे वाक्य उलटं म्हणायला हवं.

ही उडणारी विमानं नव्हेत. इंजिन काढून घेतलेली, एखाद्या बागेत मुलांना चढायला दिलेली, कुठल्या फाटकाशी खांबावर बसवलेली, नाहीतर भिंतीआड कबुतरांच्या स्वाधीन केलेली. कोणत्या जातीची किती उरलीत आणि कोणता सांगाडा आज कुणाच्या आवारात उभा आहे, याचा माग काढणाऱ्या पाचसहा जणांचा एक गट होता. सांगाड्याला ते 'म्हातारी' म्हणत. "आणखी एक म्हातारी सापडली," असं मामा फोनवर बोलायला लागला की मामी स्वयंपाकघरातून सांगे, "मला सवती पुष्कळ आहेत, पण सगळ्या पत्र्याच्या."

मामाला त्याच्या धंद्याचा फायदा होई. फ्रिजवाल्याला सगळीकडे मागच्या दारानं नेतात, आणि टाकून दिलेल्या वस्तू मागच्याच अंगाला असतात. वसतिगृहं, कारखाने, दवाखाने. तो कॉम्प्रेसर उघडण्याआधी आवारावर नजर फिरवी.

या लोकांचे नियम कडक होते. रंगवलेल्या क्रमांकावर भरवसा ठेवायचा नाही, कारण रंगारी मनाला येईल तो आकडा काढतो. आत ठोकलेली धातूची पट्टी वाचायची. म्हातारीच्या अंगावरचा एक स्क्रूसुद्धा आठवण म्हणून काढायचा नाही. आणि ती संग्रहालयाच्या छपराखाली सुखरूप जाईपर्यंत जागा कुणाला सांगायची नाही.

हा शेवटचा नियम एकदा मोडला होता, तो क्लचकाकांनी. ते मामाचे जिवलग मित्र. मोटार चालवायला शिकवणाऱ्याच्या सीटवर बसून "क्लच, क्लच" ओरडण्यात त्यांची हयात गेली, म्हणून हे नाव. बायको नाही, मूलबाळ नाही. एकदा त्यांना साखर कारखान्यामागे एक म्हातारी सापडली आणि आनंदाच्या भरात त्यांनी ती गावभर केली. आठवडा उलटला नाही तोच तिची काच, वैमानिकासमोरची मापकं, चालवायचा दांडा, सगळं हौशी चोरांनी नेलं. काका लहान मुलासारखे रडले होते. "याच्या तोंडात तीळ भिजत नाही," असं गटात तेव्हापासून ठरून गेलं. ते स्वतःही हसून मान्य करत.

त्यांना स्वतःला मात्र एकच विमान हवं होतं. त्यांचे वडील विमानदुरुस्तीच्या तळावर कारागीर होते आणि काकांना कळू लागायच्या आधीच वारले. घरात त्यांचा एकुलता एक फोटो होता. शिकाऊ वैमानिकांच्या दोन आसनी विमानापाशी ते उभे आहेत. टोपीच्या सावलीत चेहरा बुडून गेलाय. स्पष्ट दिसतो तो हात, शेपटीवरच्या एका गोल ठिगळावर ठेवलेला. ते ठिगळ त्यांनीच बसवलं होतं, असं आई सांगे. आणि विमानाचा क्रमांक तर अगदी ठळक.

"बापाचा चेहरा नाही, पण विमानाचा नंबर आहे," काका म्हणत. "मग मी शोधायचं तरी काय?"

ते विमान मिळावं आणि त्या ठिगळावर एकदा आपला हात ठेवावा, एवढंच त्यांचं मागणं होतं. गुडघे गेले, मोटार शिकवणं सुटलं, तरी शोध सुटला नाही.

ते विमान मामाला सापडलं. एका तंत्रशिक्षण संस्थेत पाण्याचा कूलर दुरुस्त करायला गेला असताना, कार्यशाळेच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. कधीकाळी विद्यार्थ्यांच्या सरावासाठी आणलेलं. वर भडक निळा रंग, क्रमांकाचा पत्ता नाही. मामा आत वाकला, रुमाल ओला करून पट्टी पुसली आणि वाचली. फोटोतलाच क्रमांक. मग बाहेर येऊन शेपटीकडे गेला. ठिगळ होतं. निळ्या रंगाखालीही त्याच्या कडेचे पत्रा जोडणारे रिव्हेट बोटांना लागत होते, आणि त्यातला एक जरा तिरका बसला होता.

त्या संध्याकाळी तो थेट काकांच्या जिन्यापर्यंत गेला आणि परत फिरला. हे त्यानं मला फार नंतर सांगितलं. त्याच्या मनात वेगळंच होतं. प्राचार्य विमान संग्रहालयाला द्यायला तयार होते, संग्रहालयाला फक्त जागा करायची होती. एकदा ते तिथल्या छपराखाली गेलं की काकांना काही न सांगता तिथे न्यायचं, शेपटीपाशी उभं करायचं आणि आपण दूर सरायचं. तोवर गुपित. नियम म्हणजे नियम, आणि काकांच्या तोंडाची तर ख्यातीच होती.

संग्रहालयाची जागा होता होता दोन उन्हाळे गेले. मामा दर महिन्याला फोन करी, "बघतो" हे उत्तर घेई आणि रविवारी काकांकडे पत्ते खेळायला जाई. काका पत्ते पिसता पिसता विचारत, "काही लागलं का रे हाती?" मामा म्हणे, "छे." मामीला वाटे, इतका आनंद पोटात ठेवून हा माणूस फुटेल एखाद्या दिवशी.

दरम्यान प्राचार्य निवृत्त झाले. नव्या साहेबांनी आवार स्वच्छ करायचं मनावर घेतलं. मामा कूलरसाठी पुन्हा गेला, तेव्हा शेडच्या जागी मोटारसायकली लावलेल्या होत्या. पहारेकऱ्यानं मोठ्या कौतुकानं सांगितलं, "ते विमान होय? भंगारवाल्यानं नेलं. कापताना घाम निघाला त्यांचा, जुना माल पक्का असतो." मामा भंगारवाल्याकडे धावला. त्यानं हात झटकले. "कधीच वितळलं, भाऊ. आता त्याची भांडी झाली असतील."

मामी म्हणाली, "अहो, गेलं ते गेलं. त्यांना ठाऊकच नाही, तर दुःख तरी कशाचं? गप्प बसा." तिचं चूक नव्हतं. पण मामाला दोन घास जाईनात. शेवटी मला म्हणाला, "तू चल बरोबर. एकटा गेलो तर परत जिन्यातूनच फिरेन."

काकांची खोली दुसऱ्या मजल्यावर. खिडकीत वाळत घातलेला एकच शर्ट, टेबलावर औषधांच्या पट्ट्या आणि पत्त्यांचा जोड. मामाला पाहून त्यांनी पत्ते उचलले. मामा बसला नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं, काही न लपवता, शाळेतल्या मुलासारखं खाली बघत. काकांनी विचारलं, ठिगळ केवढं होतं. मामानं अंगठा आणि बोट ताणून दाखवलं. रिव्हेट? एक तिरका होता, मामा म्हणाला. काकांनी मान हलवली, जणू त्यांना ते आधीपासून ठाऊक होतं.

मामानं फोन काढून पुढे केला. त्यात ठिगळाचे फोटो होते, सगळ्या बाजूंनी. काकांनी फोन हातात घेतला नाही.

"फोटो माझ्याकडे होताच रे," ते म्हणाले.

मग म्हणाले, "निदान तो एक रिव्हेट आणायचास."

"आपण काही काढत नाही ना," मामा म्हणाला.

"हो. नाही काढत."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. मामाला बहुतेक तेव्हा शिव्या हव्या होत्या, एखादी थप्पड चालली असती. तो म्हणाला, "तू सगळ्यांना सांगितलं असतंस, म्हणून मी..."

"कुणाला?" काकांनी शांतपणे विचारलं. "मी आता बोलतो कुणाशी? तुझ्याशीच तर."

त्यांनी पत्ते वाटले. मामा खेळला. कोण जिंकलं ते दोघांच्याही लक्षात आलं नसेल.

भांडण झालं नाही, हेच वाईट झालं. रविवार चालू राहिले. गुडघे, औषधं, शेजाऱ्यांचा कुत्रा, सगळं बोलून होई. विमानाचा विषय तेवढा निघत नसे. फोटो भिंतीवर होता तिथेच राहिला. मामा त्याच्याकडे पाठ करून बसू लागला.

त्यानंतर मामानं जागा न सांगण्याचा नियम पाळलाच नाही. काहीही दिसलं की तिथूनच फोन, पहिला काकांना, मग बाकीच्यांना. गटातले लोक चिडले. त्यानं जागा सांगितलेल्या एका म्हातारीच्या काचा खरंच गेल्या, तेव्हा त्याला नाही नाही ते बोलले, आणि बैठकीला बोलावणं बंद केलं. तो म्हणाला, "काचाच गेल्यात. म्हातारी आहे ना जाग्यावर?"

मागच्या महिन्यात मी त्याच्यासोबत एका बर्फाच्या कारखान्यात गेले होते. कुंपणापलीकडे गवतात एक सांगाडा पडलेला, पंख नसलेला. मामानं हातातला पाना खाली ठेवला आणि काकांना फोन लावला. जागा सांगितली, जात सांगितली, शेपटी शाबूत आहे हेही सांगितलं. आवाजात जुना उत्साह आणायचा प्रयत्न मला ऐकू येत होता.

"गाडी काढू का?" त्यानं विचारलं. "तासाभरात तुला इथे आणतो."

पलीकडून काका म्हणाले, "नको रे. तूच बघून घे." आणि कूलरचं पाणी आता थंड येतं का, असं काहीतरी विचारून त्यांनी फोन ठेवला. त्यांच्या खोलीत कूलर नाही. कुठल्या संस्थेतल्या कूलरबद्दल ते विचारत होते, हे मामाला कळलं. तो बराच वेळ कुंपणाची तार धरून उभा राहिला. मग पाना उचलून आत गेला.