तळेगाव चौकातलं डावं वळण

बायकोची चाकणच्या एका कंपनीत मुलाखत होती. मुलं लहान म्हणून तिनं नोकरी सोडली त्याला बरीच वर्षं झाली होती, आणि इतक्या अर्जांनंतर आलेलं हे पहिलंच बोलावणं होतं. आठवडाभर ती भाजी चिरताना उत्तरं पुटपुटत होती. बस-रिक्षाची भानगड नको, मीच सोडतो, असं म्हणून मी रजा टाकली आणि थेरगावहून गाडी काढली.

मला लेनचं वेड आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाशिक हायवेवर पट्टे कशासाठी मारलेत हे लोक विसरलेत. कंटेनर उजवीकडून रेंगाळतात, गाड्या डावीकडून घुसतात आणि दुचाकीवाले उलटे येऊन वर आपल्याकडेच रागानं बघतात. मी मात्र उजवी लेन धरतो आणि पुढच्या गाडीपाशी हातभरही फट ठेवत नाही. फट दिसली की इथं कुणीतरी नाक खुपसतंच.

मोशीच्या पुढे एका पांढऱ्या गाडीनं ते खुपसायला बघितलं. काचेवर ‘आईचा आशीर्वाद’, आत नवरा-बायको. त्यांच्यापुढे डावीकडे एक टेम्पो बंद पडला होता, म्हणून त्यांना माझ्या लेनमध्ये यायचं होतं. चालवणाऱ्यानं काच खाली करून हात बाहेर काढला. आमच्याकडे इंडिकेटरला कुणी विचारत नाही, पण हात दाखवला की जागा द्यायची, असा रिवाज आहे. मी दिली नाही.

“भाऊ, जरा मोठं मन करा की,” तो म्हणाला. मी समोर बघत राहिलो. बायको म्हणाली, जाऊ द्या ना त्याला. मी तिला समजावलं की प्रश्न एका गाडीचा नाही, तत्त्वाचा आहे. तिनं फाइल मांडीवर घट्ट धरली आणि घड्याळाकडे पाहिलं. तो कसाबसा टेम्पोमागून निघाला आणि थोड्या वेळानं पुन्हा आमच्या डाव्या बाजूला आला. त्याला अडवून मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

चाकणचा तळेगाव चौक आला तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपल्याला इथं डावीकडे वळायचंय. डावीकडे गाड्यांची रांग, आणि आम्हाला अगदी चिकटून तीच पांढरी गाडी. मी इंडिकेटर दिला. बायकोनं काच खाली करून हात दाखवला. त्यानं हात पाहिला आणि मोठ्या आस्थेनं सिग्नलकडे बघत पुढच्या गाडीला जाऊन चिकटला.

तेवढ्यात त्याची बायको वाकून म्हणाली, “ताई, कुठं जायचंय?”

बायकोनं कंपनीचं नाव सांगितलं, मुलाखतीचंही सांगितलं. ती दोघं रोज त्याच गेटवरून पुढे कामाला जायची. बसा आमच्यात, ती बाई म्हणाली. दोन मिनिटं थांब, मी घुसवतो गाडी, असं मी म्हणेपर्यंत बायको फाइल घेऊन उतरलीसुद्धा. त्यांच्या मागच्या सीटवर बसून तिनं मला सांगितलं, “तुम्ही सरळ जा. लेन सोडू नका.”

सिग्नल सुटला. ते डावीकडे वळले. मागच्यांच्या हॉर्नांनी मला सरळ राजगुरुनगरच्या दिशेला ढकललं, आणि वळायला जागा मिळेपर्यंत मी एकटाच बडबडत गेलो. गेटवर पोचलो तोवर तिची मुलाखत होऊन ती बाहेर चहा पीत होती.

नोकरी मिळाली. मला आनंद झाला आणि थोडं पोटातही दुखलं, कारण ते जोडपं निघालं आमच्या शेजारच्याच काळेवाडीचं, आणि आता ती रोज त्यांच्याच गाडीतून जाते. लेन त्यालाही कळत नाही, असं मी पहिल्या आठवड्यातच तिच्या कानावर घातलं. मी ऑफिसची वेळ बदलून घेतो, रोज मीच सोडत जाईन, असंही म्हणालो.

डबा पिशवीत ठेवत ती म्हणाली, “नको. मला ही नोकरी टिकवायचीये.”